ज्यायले काही नाई झालं, त्यायची बैठक

साल दोन हजार बावीस. माहं वय अडुसष्ट. तवा तुमी माह्या आंगणात सायकल टेकवली, अन् मी तुमाले पाणी इचारलं नाई.

बकाराम इवाई, तुमी माह्या वनिताचे सासरे. सोयरा दारात आला की पाय धुवाले पाणी, बसाले खाट, मंग चाय, हे आपल्या झाडीत लेकरालेबी शिकवा लागत नाई. मी खाटेवर बसून राह्यलो अन् तुमाले उभं ठेवलं. तुमी काय केलं? सरळ माह्या बोरिंगवर गेले, सोताच दांडा हालवला, ओंजळीनं पाणी पेले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं अन् म्हणाले, "पाणी गोड आहे जी कवडू इवाई तुमचं. मालकच तेवढा कडू निंगला."

माही बायको आतून हासली. मले तिचाबी राग आला अन् तुमचाबी.

आता तुमाले जाऊन पुरता महिना नाई झाला, अन् माह्या पोटात एक बातमी अशी उसळ्या मारून राह्यली की लिहिल्याशिवाय दम नाई निंगत. मी तिसरी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं येते, येऊ द्या. इवाई, नातीन झाली! तुमाले नातीन झाली, मले नातीन झाली. अडीच किलोच्या वर भरली. आवाज तर असा की दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाले नर्स म्हणे, "हे कोणाचं लेकरू?" मी म्हणलो, "नाटकवाल्याचं." तुमी आठ दिवस थांबले असते तर काय बिघडत होतं? पण तुमाले सवयच होती, आपला परवेश झाला की टाळ्या आयकाले न थांबता पडद्यामांगं इंगमधे निंगून जायची.

थांबा, सुरवातीपासून सांगतो. नवीन माणूस वाचन, तर त्याले समजलं पायजे.

तुमचा दिलीप, म्हणजे माहा जवाई, दर साली मिरचीच्या हंगामात तेलंगणात टॅक्टर चालवाले जाये. त्या साली तिकडून आला तो ताप घेऊनच आला. ताप जाये अन् पुन्हा ये. धानोऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, एचआयव्ही निंगला. मंग वनिताचं तपासलं. तिले काहीच नव्हतं. मी त्याच दिवशी आटो केला, अन् तिले तिच्या पेटीसकट घरी घेऊन आलो. दिलीप ओसरीवर उभा होता, त्याच्याकडे पायलंबी नाई. तुमी इचारलं, "इवाई, माह्या सुनेले काऊन नेता?" मी म्हणलो, "तिले काही नाई झालं, म्हणून नेतो." कोणताबी बाप हेच करन. हे मी तेव्हाबी म्हणलो, आजही म्हणतो.

पण तुमीबी पक्के. महिन्यातून एखाद्या वेळी तुमची सायकल माह्या आंगणात हजर. पोरीले नेतो म्हणून तुमी एकदाबी नाई म्हणाले. खाटेच्या समोर मातीवर बसत, चंची काढत, सुपारी कातरत अन् इचारत, "आमची वनिता झोपते का जी रातच्याले?"

मी म्हणलो, "झोपते, का नाई झोपणार? तिले काय धाड भरली?"

"तिले नाई भरली जी. म्हणूनच इचारून राह्यलो."

मले वाटे, हा माणूस नाटकात काम करू करू सटकला. झाडीपट्टीच्या नाटकात तुमी तीस-चाळीस साल खलनायक रंगवला, तुमचं हासणं आयकून बाया लेकरायले पदरात घेत. आता तो खलनायक माह्या पोरीची झोप इचारत होता.

मंग ती गोष्ट झाली. धान रोवण्याचे दिवस होते. आमच्या गावच्या बाया वनिताले रोवण्यात घेत, पण जेवाच्या वेळी बांधीवर तिच्यापासून दूर बसत. तिनं घरून नेलेल्या पितळी गुंडातलं पाणी कोणी पिऊन राह्यलं नव्हतं. मले खबर लागली. माहं डोस्कं फिरलं. मी पानठेल्यावर उभा राहून साऱ्या गावाले सांगतलं, "आयका! माह्या पोरीची तपासणी झाली, काही नाई निंगलं. सालभर नवऱ्यासंग राह्यली, तरी नाई निंगलं. आमच्या खानदानाचं रक्तच पक्कं आहे. तो रोग आमच्या रक्तात शिरूच शकत नाई!" मले वाटलं, मैदान मारलं.

पुढच्या खेपेले तुमी आले तर तुमाले ते पानठेल्यावरच समजलं होतं. तुमी आंगणात पाय ठेवला तो हासतच. तेच नाटकातलं हासणं.

"इवाई, एक काम करा. उद्या बांधीत जासाल तवा सापालेबी सांगून द्या, आमचं खानदान पक्कं आहे, तू दुसरीकडे चाव म्हणून. आयकते का पाहा."

मी उठलोच मारासाठी. खरंच उठलो होतो. पण वनिता दारात आली. भांडे घासता घासता आली होती, हाताले राख होती. ती मले म्हणाली, "बाबा, तुमी साऱ्या गावाले सांगतलं का मले काही होतच नाई. मले रोज वाटते का आज झालं. तोंडाले फोड आला का वाटते, झालं. थकली का वाटते, झालं. कोणाले सांगू? ज्याले झालं त्याले सारे इचारतात, जेवला का, गोळी घेतली का. मले कोणी काही इचारत नाई, मले तर काही झालंच नाई ना!"

तुमी सुपारी कातरणं बंद केलं. म्हणाले, "बाई, मलेबी तसंच होते वो. तुही सासू तर रोज आंग पायते आपलं." मंग माह्याकडे वळून एकच बोलले, "इवाई, दिलीपले झालं, त्याले गोळी आहे. आमाले नाई झालं, आमच्या भेवाले कोणती गोळी आहे?"

मी खाट उचलली अन् घरात नेली.

पुढच्या उन्हाळ्यात तुमी बैठक सुरू केली, घरात रोग आहे पण सोताले काही नाई झालं, अशा लोकायची. तेंदूच्या सीजनमधे दुपारी तुमचं सारं गाव आंब्याखाली बसून बिडीच्या पानाचे पुडे बांधते, हात गुतलेले अन् तोंड मोकळं, तीच जागा तुमी धरली. दवाखान्यातल्या समुपदेशनवाल्या बाईले तुमी मांगून आणलेल्या फटफटीवर बसवून आणलं. मी वनिताले घेऊन आलो. मी काही आयकाले नव्हतो आलो. तुमी चुकलं तर धराले आलो होतो. आंब्यापासून दूर, पोत्यायवर, तुमच्याकडे पाठ करून बसलो. पण तुमचा आवाज म्हणजे माइकशिवाय शेवटच्या लाइनीपर्यंत जाणारा! पाठीतून आयकू ये, अन् मधे मधे मी मान वळवून पायेबी.

"मी कोण?" तुमी ओरडले. "मी तो रोग! मी येतो, थांबा!" तुमी रोगाचीच भूमिका घेतली होती. एकाच्या ताटात हात घालाचा आव आणला अन् म्हणाले, "आरे, इथून नाई जमत!" एकाचा हात धरला, "इथूनबी नाई जमत! डासाच्या पाठीवर बसून येऊ का? डास मले घेतच नाई!" बाया हासून हासून पानं सांडू लागल्या. मंग तुमी आवाज खाली आणला. रोग कुठून येते ते सांगतलं, निरोधाशिवाय अंगसंगातून, न तपासलेल्या रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आईकडून पोटातल्या लेकराले. अन् सांगतलं, "ज्याची तपासणी कोरी निंगली, तो जिंकला नाई. त्याचा दरवाजा आजून उघडाच आहे. कडी त्यानंच लावाची."

एका जागी तुमी चुकले बी. म्हणाले, गोळी सहा महिने घेतली का बंद केली तरी चालते. बाई तटकन उभी राह्यली, "काका, नाई! गोळी जिंदगीभर, रोज." तुमी तिथंच कान धरले अन् उठाबशी काढली. मले लई बरं वाटलं. म्हणलं, चला, चुकते हा माणूस.

पण मी तुमाले खरं सांगू का, मले ते नाटक नाई ध्यानात राह्यलं. नाटक झाल्यावर जे झालं, ते राह्यलं. जंगलाकडच्या गावाचा एक गोंड माणूस बसला होता, तुमाले आठवत असन, त्याच्या बायकोले होतं अन् त्याले नव्हतं. तो पुडा बांधत होता, वर न पायता बोलला, "ती झोपली का मी तिचा दम आयकत बसतो. मले झालं असतं अन् तिले नसतं, तर बरं होतं." तुमी रोगाचं सोंग टाकलं अन् त्याच्या बाजूले जाऊन बसले. मंग माही वनिता बोलली. तिनं म्हणलं, "दादा, मलेबी तसंच वाटते. मले वाटे, मी एकटीच येडी झाली."

इवाई, माही पोरगी चार माणसात बोलली! सालभर माह्या घरात भिंतीकडे तोंड करून बसलेली पोरगी. मी पाठ करूनच बसलो होतो, पण माहे कान पाठीले लागले होते.

वापस येताना ती आटोत झोपली. माह्या खांद्यावर डोस्कं ठेवून झोपली. आटोवाल्याले मी म्हणलो, "हळू चालव रे, गड्डे पाहून."

मंग मी तिले दर बैठकीले आणे, अन् तसाच पाठ करून बसे. तुमी टोमणा माराचे, "या जी, पाठवाले इवाई आले!" लोकं हासत. अन् ते दुसरं! तुमच्या चंचीत सुपारी, कात, चुना, अन् त्याच्यासंगच निरोधाचे पाकीट. बजारात माणसाले तंबाखूचा खर्रा द्यावा तसे तुमी वाटत होते. एकदा माह्या बायकोसमोरच काढले. मी म्हणलो, "काही लाज आहे का सोयरपणाची?" तुमी म्हणाले, "लाज लई जपली जी आमच्या घरात. बाप-लेक कधी बोललो नाई. त्यानं काय झालं ते पायलं ना तुमी?" माह्या बायकोनं पदर तोंडाले लावला. हासत होती का रडत होती, मले आजही मालूम नाई.

मंग एक दिवस वनितानं पेटी भरली. म्हणाली, "बाबा, मी जातो. त्यायची गोळी एकबी दिवस चुकली नाई. बाईनं सारं समजावून सांगतलं, मले कशी काळजी घ्याची ते मले येते. भेव आहे, पण आता भेवासंग राहाले जमते." मी हो म्हणलो नाई. मी आडवा नाई आलो, एवढंच. पेटी मीच आटोत ठेवली, काऊन का ती जड होती.

आता आपला तो झगडा. तुमच्या घरी आलो का मी दारातच बसत होतो, पाणी नाई, चाय नाई. तुमी पेला समोर धरत, मी हात जोडत. "पोरीच्या घरी नातू-नातीन झाल्याशिवाय बापानं पाणी पेऊ नाई, आपली रीत आहे." तुमी डोळे बारीक करून इचारत, "रीत का भेव?" मी म्हणत होतो, "रीत!" तुमी म्हणत, "मंग शेजारच्या गावात तुमी मोठ्या पोरीच्या घरी लेकरू नसताना आंबील पेले होते, ते काय होतं?" अन् मी दुपट्टा झटकून उठत होतो. किती रीत होती अन् किती भेव होतं, हे मी तुमाले आजही सांगणार नाई. तुमचं तुमी समजून घ्या.

अन् मंग लेकराची गोष्ट निंगाली. दिलीपच्या रक्तातला विषाणू मशीनले दिसेनासा झाला होता, दोन खेपा तपासलं. वनिताले लेकरू पायजे होतं. तुमी सायकल मारत आले, तोंडावर दिवाळी. मी तवा तुमाले जे बोललो ते लिहित नाई. "नातवाच्या हौसेपाई माह्या पोरीचा जीव टांगता का?" एवढं तर होतंच त्याच्यात. तुमाले वापस जाताना मी पायलं, सायकलवर न बसता हातात धरून पैदल गेले, पार नाल्यापर्यंत.

दुसऱ्या हप्त्यात वनिता मलेच दवाखान्यात घेऊन गेली. बाईले म्हणाली, "यायलेच सांगा." बाईनं सांगतलं, गोळी रोज चालू असन अन् विषाणू मशीनले दिसत नसन, तर अंगसंगातून तो जात नाई. मी म्हणलो, पुन्हा सांगा. तिनं पुन्हा सांगतलं. मी म्हणलो, "अन् गोळी चुकली तर?" ती म्हणाली, "तर मले लगेच सांगाचं, म्हणूनच मी इथी बसतो. अन् वनिताची तपासणी चालूच राहीन." मले तिचं बोलणं आवडलं, लपवून काही नाई बोलली. मी घरी येऊन तुमाले फोन लावला. तुमी उचलला. मी म्हणलो, "काही नाई, सहज." तुमी म्हणाले, "समजलं." अन् ठेवून देला. आपली माफी-बिफी एवढीच.

वनिताच्या पोटात लेकरू वाढत होतं अन् तुमी आंब्याखाली पुडे बांधत होते. पुडा हातातच राह्यला म्हणतात, अर्धा बांधलेला. छातीत कळ आली, अन् दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला. मी मातीले आलो. तुमचं तोंड पायलं. असं वाटे आता उठसाल अन् म्हणसाल, "कसं होतं जी मराचं काम?"

तुमची तेरवी झाली तवा नातीन चार-पाच दिवसाची होती. मांडवात माहा मोठा भाऊ माह्या कानाशी लागला. "आता बुढा गेला. पोरीले अन् लेकराले घेऊन चाल. त्या पोराच्या भरवशावर ठेवशीन का?" जोऱ्यानंच बोलला. दिलीपनं आयकलं. दारात लेकराले घेऊन उभ्या वनितानं आयकलं. ती माह्याकडे पायत राह्यली. दोन हजार बावीसमधे मी त्या पोराकडे पायलं नव्हतं, तवाबी तिनं मले असंच पायलं असन. मी कुठी पायलं होतं तिच्याकडे?

मी सोयऱ्यानं द्याचा दुखवट्याचा दुपट्टा घेऊन उठलो. दिलीपच्या जवळ गेलो, माह्या हातानं त्याच्या खांद्यावर टाकला. त्याचे खांदे हालत होते. त्याले जवळ घेतलं मी, इवाई. लग्नानंतर पहिल्यांदा. लेकाचा तुमच्यासारखाच हाडकुळा आहे. मंग भावाले म्हणलो, "दादा, पोरगी आपल्या घरीच आहे. तू जेव." अन् दिलीपच्या बाजूले पंगतीत बसलो. त्यानं पाणी वाढलं, मी पेलो. वरण-भात दोनदा मांगून घेतला. तुमची बायको तोंडात पदर कोंबून उभी होती, म्हणाली, "हे आज राहाले पायजे होते पायाले." मी म्हणलो, "बाई, वाढा अजून. त्यायच्या वाटणीचंबी मीच खातो."

अन् इवाई, कोणत्याबी सोयऱ्यानं कोणत्याबी सोयऱ्याले जे म्हणाले पायजे, ते मी तुमाले जिवंतपणी नाई म्हणलं. आता म्हणलं तर तुमी आयकणार नाई, म्हणून आताबी नाई म्हणत. माही पोरगी रातच्याले झोपते. एवढं समजा.

तेरवीच्या राती मी तुमच्याच घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी वनिताची तपासणी होती, ती लेकराले आंगावर पाजते म्हणून बाईनं बलावलं होतं. मीबी आटोत बसलो. दवाखान्यात रांग होती, रांगेतली लोकं तिच्याकडे अन् लेकराकडे पायत होती, अन् वनिता मान खाली घालून उभी. मी तिच्या पुढं जाऊन उभा राह्यलो. नंबर आला तवा तिच्या आधी मीच खुर्चीवर बसलो अन् सदऱ्याची बाही वर सरकवली.

रक्त घेणारी पोरगी म्हणाली, "आजोबा, तुमाले काऊन तपासाचं आहे?"

मी म्हणलो, "माही पोरगी इतके साल सुई टोचून घेते. बापालेबी मालूम पडू दे कशी लागते. टोच."

तिनं टोचली. मांगून वनिता पहिले हासली, अन् तिच्या हासण्यानं लेकरू उठलं अन् साऱ्या दवाखान्याले आयकू जाईन असं रडलं. मी कापूस दाबून धरला, उठलो, लेकरू माह्या हातात घेतलं, अन् खुर्ची वनिताले देली.